गाडीचे फोटो काढायला निघायच्या आधी: गोव्यातली तयारी

गाडीचा फोटो काढायचा म्हटलं की सगळे आधी बॅकग्राऊंड शोधायला लागतात, किल्ला हवा, समुद्र हवा, माडांची रांग हवी. माझं मत जरा उलटं आहे. गाडीच्या मागे काय आहे ते नंतर बघा, आधी तुमच्या पाठीमागे काय आहे ते बघा, कारण गाडी म्हणजे चारी बाजूंनी वाकवलेला आरसा, आणि दारावर, बॉनेटवर, काचेवर जे दिसणार ते सगळं तुमच्या बाजूचं दिसणार. मागे झकास आग्वादचा किल्ला आणि दारावर लाल टीशर्टातले तुम्ही, आइस्क्रीमचा गाडा न् पार्क केलेल्या स्कूटर, असे फोटो ग्रुपवर रोज येऊन पडतात. त्यामुळे खालची तयारी बरीचशी ह्या एका गोष्टीसाठीच आहे.

जागा आदल्या दिवशी स्कूटरवरून बघून यायची, शक्यतो ज्या वेळेला फोटो काढणार त्याच वेळेला. गाडी उभी करणार तिथे उभं राहायचं आणि फोटो काढणारा जिथे असेल त्या दिशेला बघायचं. तिकडे विजेचे खांब, पांढरी भिंत, हॉटेलची पाटी असलं काही दिसलं तर ते उद्या दारावर येणार हे नक्की. मोकळं शेत, पाणी, लांबवर एकसारखी झाडांची रेघ, असं काही असेल तर जागा पास. आणि गोव्यात ह्या बाबतीत आपल्याला एक आयती सोय आहे जी कोण वापरत नाही, आपला अख्खा किनारा पश्चिमेला आहे. लोक काय करतात, गाडीच्या मागे सूर्यास्त ठेवतात, मग आकाश मस्त येतं आणि गाडी काळीठिक्कर. त्यापेक्षा सूर्य बुडाला की समुद्राकडे पाठ करा आणि गाडीचं तोंड किंवा बगल पश्चिमेकडे ठेवा, म्हणजे तो नारिंगी-जांभळा उजेड अख्खाच्या अख्खा गाडीवर पडतो, कुठे कडक सावली नाही, दारावर फक्त आकाशाचा रंग. मागे साधं माडांचं भाट (बाग) असलं तरी चालतं. मात्र वेळ कमी मिळतो, आपल्याकडे सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत काळोख होतो, आणि डिसेंबरात सहा वाजून गेले की सूर्य गेलाच, जूनमध्ये सातपर्यंत थांबतो, तेव्हा ऑफिस सुटल्यावर जाऊ म्हणणाऱ्यांनी महिना बघून ठरवावं.

समुद्राकडे पाठ म्हणजे गाडी वाळूत घालायची असं नाही हां. बीचवर गाडी नेणं गोव्यात गुन्हा आहे, आणि तरी दर सीझनला कोण ना कोण रेंटची जीप नेऊन रुतवतो, मग भरती येते, मग ट्रॅक्टर शोधत फिरायचं. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे तर कासवं अंडी घालतात, तिथे रात्रीचे हेडलाइट पण नकोत. किनाऱ्याला समांतर जाणारा डांबरी रस्ता पुरतो. पर्राचा माडांचा रस्ता शक्यतो सोडा, तिथले लोक फोटोवाल्यांना इतके कंटाळलेत की पंचायतीने मध्ये शूटिंगवर पैसे लावले होते, आणि तसलेच माड दिवाडी, चोडण, लोटली कुठेपण मिळतात. फोन्तेन्हासात रंगीत भिंती छान पण गल्ली एवढी अरुंद की मागे सरकायलाच मिळत नाही, शिवाय लोकांची राहती घरं आहेत ती, कोणाच्या बलकांवासमोर (दारापुढच्या बसायच्या ओट्यासमोर) गाडी लावायची तर बेल वाजवून विचारावं. पणजीचा अटल सेतू आणि झुआरीचा नवा पूल, दोन्हीकडे थांबायचा विचारसुद्धा करू नका. खाजनाच्या (खाडीकाठच्या खारट शेतजमिनीच्या) बांधावर पण गाडी घालू नये, वरून टणक दिसतो, आत चिखल असतो.

मला विचाराल तर सगळ्यात कमी वापरलेली जागा म्हणजे जुनी चिऱ्याची भिंत. न गिलावा केलेली, पावसाने काळपट झालेली. पांढरी, काळी, निळी, कुठलीही गाडी तिच्यापुढे उठून दिसते, फक्त लाल आणि ब्राऊन गाडीवाल्यांनी हिरवळ शोधावी. फोंडा, डिचोली, पेडण्याला अशा भिंती मैलोगणती आहेत, त्या पश्चिमेकडे तोंड करून असल्या की काम झालं. आणि गाडी भिंतीला चिकटवायची नाही, दोन-तीन गाड्यांएवढं अंतर सोडायचं, तरच मागचं थोडं ब्लर होतं. माडाखाली किंवा आंब्याखाली लावणार असाल तर आधी वर बघा, नारळ किंवा कावळा, दोघेही सांगून येत नाहीत.

आता धुणं. आदल्या संध्याकाळी धुवायची, उन्हात कधीच नाही, ऊन लागलं की पाणी सुकून डाग राहतात आणि बोअरच्या पाण्याचे तर पांढरे ठिपके बसतात जे फोटोत धुळीपेक्षा वाईट दिसतात. भांड्यांचा साबण नको, कार शाम्पू घ्या, आधी नुसत्या पाण्याने लाल माती सोडवून घ्या नाहीतर तीच माती कपड्याखाली येऊन गोल गोल ओरखडे पडतात, आणि संध्याकाळच्या तिरक्या उजेडात ते ओरखडे पहिले दिसतात. मायक्रोफायबरने लगेच पुसायची. व्हील आर्चच्या आतली माती, नंबर प्लेट, दाराच्या कडा, रिमच्या आतला काळा ब्रेक डस्ट हे विसरलं जातं. टायरला पॉलिश लावा पण तेल सुटल्यासारखं चकाकवू नका. दसऱ्याला पूजेनंतर फोटो काढणार असाल तर हार, झेंडू, बॉनेटवरचं कुंकवाचं स्वस्तिक सगळं फोटोत छानच दिसतं, पण कुंकू-हळद ओली लावलेली असेल तर त्याच संध्याकाळी धुवून टाका, ऊन खाऊन डाग धरते.

आतलं आवरणं पाच मिनिटांचं काम आहे आणि नव्वद टक्के लोक करत नाहीत. काचेतून आतलं सगळं दिसतं म्हणून डॅशबोर्डवरची पार्किंगची चिठ्ठी, मोबाईल होल्डर, पाण्याची बाटली, मागच्या सीटवरची छत्री काढा, हेडरेस्ट एका उंचीला आणा, काचा चारही वर किंवा चारही खाली, वायपर जागेवर. गणपती राहू दे.

बॅगेत काय काय घ्यायचं ते सांगतो. दोन कोरडे मायक्रोफायबर, कारण घरापासून तिथपर्यंत धूळ बसतेच आणि खाणपट्ट्यातून जाणार असाल तर विचारूच नका. पाण्याचा स्प्रे, ट्रायपॉड, पॉवर बँक, जमिनीवर टेकायला जुनी चटई, ओडोमॉस (शेताकडेला संध्याकाळी डास उभं राहू देत नाहीत). आणि पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावायचा सीपीएल फिल्टर, हा असला तर अर्धी लढाई जिंकली. तो फिरवला की रंगावरचं आणि काचेवरचं प्रतिबिंब कमी होतं, पण एक गोष्ट लक्षात ठेवा, दार उभं आणि बॉनेट आडवं असल्यामुळे एकाचं जातं तेव्हा दुसऱ्याचं राहतं, दोन्ही एकदम जात नाहीत. ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून दोन फोटो काढायचे, मधे नुसता फिल्टर फिरवायचा, मग घरी जोडायचे. मागच्या टफन काचेवर कधी कधी इंद्रधनुष्यासारखे ठिपके येतात, तो काचेचाच गुण, गाडी बिघडलेली नाही. फिल्टर उजेड बराच खातो तेव्हा काळोख पडायला लागला की काढून ठेवा. फोनवाल्यांनी पोलराइज्ड गॉगल लेन्सपुढे धरून बघावा, खरंच चालतो. आणि कपडे काळे किंवा गडद घाला, सोबत येणाऱ्यालापण सांगा, कारण वर म्हटलं तसं तुम्ही दारावर दिसणार आहात.

तिथे पोचल्यावर फोनची लेन्स पुसा, मग लांब जा. फोनचा १एक्स साधारण २४ मिमीच्या आसपास असतो, त्याने जवळून काढलं की गाडीचं नाक सुजल्यासारखं येतं, ०.५ तर बघायलाच नको. २एक्स किंवा ३एक्स लावून मागे सरका, कॅमेरा असेल तर ७० ते १०० मिमी. लांब गेल्याने दारावरचे तुम्हीपण लहान होता, हा फायदा वेगळा. मग खाली बसा, लेन्स हेडलाइटच्या उंचीला आणा. उभ्याने काढलं की बॉनेटवर वरचं पांढरं आकाश येतं आणि सगळं पांढरंफटक होतं, खाली बसलं की लांबची क्षितिजाची रेघ येते. दारावर झाडांची जी काळी रेघ पडते ती दाराच्या घडीच्या (पत्र्यावरच्या आडव्या दुमडीच्या) खालून गेली तर गाडीचा शेप उठून दिसतो, मधोमध कापत असेल तर गाडी दोन हात पुढे-मागे घ्या, एवढ्यानेपण बदलते.

पुढून तिरका फोटो काढताना स्टिअरिंग तुमच्या विरुद्ध बाजूला वळवा, म्हणजे तुम्ही गाडीच्या डाव्या कोपऱ्यात असाल तर चाकं उजवीकडे, रिम दिसायला पाहिजे, टायरच्या नक्ष्या नाही. पार्किंग लाइट किंवा डीआरएल (दिवसा पेटणारे पुढचे बारीक लाइट) चालू ठेवा, हेडलाइट नको. एलईडी फोटोत अर्धवट पेटल्यासारखे आले तर शटर १/५० किंवा त्याहून हळू करा. कॅमेऱ्यात अ‍ॅपर्चर एफ ८च्या आसपास ठेवलं की नाकापासून शेपटीपर्यंत शार्प. पांढरी गाडी कॅमेरा करडी करतो तेव्हा ब्राइटनेस थोडा वर, काळीला थोडा खाली. पोर्ट्रेट मोड बंद, तो साइड मिरर आणि अँटेना खातो. ड्रोन काढणार असाल तर आधी डिजिटल स्काय ह्या ड्रोनसाठीच्या सरकारी साइटवरचा एअरस्पेस मॅप बघा, दाबोळीला नेव्हीचा तळ, वर पेडण्याला मोपा, आपल्या छोट्या राज्यात रेड झोन (परवानगीशिवाय ड्रोन उडवायला बंदी असलेला भाग) केव्हा येतो कळत नाही, आणि ड्रोन छोटा आहे म्हणून तिथे सूट मिळत नाही.

पावसात काय, असं विचाराल तर पाऊसच बरा. ढगाळ आभाळ म्हणजे दिवसभर मऊ उजेड, सूर्यास्ताची घाई नाही, ओला रस्ता खालून गाडी दाखवतो, सत्तरीत किंवा चोर्ला घाटात तर दारावर हिरवा रंग फुकट मिळतो. पण घाटात वळणावर थांबायचं नाही, धुक्यात मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही दिसत नाही. सड्यावर पावसात बारीक फुलं येतात, गाडी रस्त्यावरच राहू दे, झूम करा. रस्त्याच्या कडेची साइडपट्टी पायाने दाबून बघा मगच चाक घाला.

घरी आल्यावर नंबर प्लेट ब्लर करायची तर एडिटमध्ये करा, रस्त्यावर प्लेटला कपडा बांधून फिरू नका. अंगणात काढलेल्या फोटोतलं लोकेशन काढून टाका. समुद्राजवळ उभी केली असेल तर दुसऱ्या दिवशी गाडी खालूनसुद्धा पाण्याने धुवा, खारं वारं पत्रा खातं. आणि विकायला फोटो काढत असाल तर वरचं अर्धं विसरा, सावलीत दुपारचा उजेड, चार कोपरे, ओडोमीटर, चारही टायर आणि जो ओरखडा आहे तो जवळून. गिऱ्हाईक तो नाहीतरी बघणारच आहे.