लेकराच्या आतड्यातल्या जंतूंना जेवू घालताना

आम्ही दारव्हा तालुक्यातले. दोन वर्षांपूर्वी कापूस वेचणीच्या दिवसांत माझ्या मुलाला शौचातून रक्त पडू लागलं. मूळव्याध असेल म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणल्या. मग आव समजून तीनदा अँटिबायोटिक. शेवटी नागपूरला दुर्बिणीची तपासणी केली, तेव्हा अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा. शौचातून रक्त दिसलं तर आधी डॉक्टर गाठा. अँटिबायोटिकनं आतड्यातले चांगले जंतूही मरतात, हे मला फार उशिरा कळलं.

हे जंतू आपल्याला न पचलेला चोथा आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. मोठ्या आतड्याचं अस्तर मुख्यतः त्यावरच जगतं. या आजारात ब्युटिरेट करणारे जंतू कमी झालेले असतात, आणि शरीराची प्रतिकारशक्ती पोटातल्या जंतूंशी भांडता भांडता स्वतःचंच आतडं सोलते.

म्हणजे जंतूंना चोथा द्यायचा. पण वेळ बघून. रक्त सुरू असताना मी हुरडा, अंबाडीची भाजी, ठेचा सगळं बंद करते. मऊ भात, मुगाचं पातळ वरण, साल काढून शिजवलेलं कोहळं, एवढंच. पोट शांत होऊन दोन आठवडे झाले की ज्वारीच्या कण्या सुरू: रात्री भिजवायच्या, सकाळी अगदी गिजगा होईस्तोवर शिजवायच्या, निवल्यावर ताक घालायचं. आधी चार चमचे. तीन दिवस सोसलं तर अर्धी वाटी, मग भाकर, मग तुरीचं वरण. एका वेळी एकच नवी गोष्ट. वहीत तारीख, खाणं, शौचाची संख्या लिहायची. दूध त्याला सोसत नाही, ताक सोसतं. तुमच्या घरी उलटंही असेल.

दह्यानंच बरं होईल का, असं मी डॉक्टरांना विचारलं होतं. 1917 साली निस्ले नावाच्या जर्मन डॉक्टरांना एका सैनिकाच्या शौचात एक जंतू सापडला; त्याच्या कॅप्सूलनी हा आजार शांत ठेवायला मदत होते, असं आमचे डॉक्टर म्हणाले. तो जंतू आपल्या विरजणात नसतो. त्यामुळे आतड्याची सूज कमी करणारं मेसालामाइन हे औषध, बरं वाटू लागलं तरी, सोडायचं नाही. स्टिरॉइड चालू असेल तर मनानं एकदम थांबवायचं नाही. वेचणीनं कंबर दुखली तरी डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देत नाही, त्यानं आजार उसळू शकतो.

दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताची शौच आणि सोबत ताप किंवा छातीत धडधड असेल, तर रात्र असली तरी गाडी करायची, सकाळची वाट बघायची नाही. वही सोबत घ्यायची.