कालव्याच्या काठाने रोड सायकल: हवा किती ठेवावी?

डांबरी रस्त्यावरची हवा तशीच ठेवून काठावरच्या मुरमाड वाटेवर उतरलात की हात बधिर होतात आणि मागचं चाक खडीवर घसरतं. 28 मिमी टायर आणि साधारण 70 किलो वजन असेल, तर पुढे 65 आणि मागे 70 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरे. वजन जास्त असेल तर थोडी वाढवा. फार कमी मात्र नको. दगडाच्या धारेवर ट्यूब रिमखाली चिमटते आणि तिला शेजारी-शेजारी दोन बारीक चिरा पडतात. अशा चिरा दिसल्या तर दोष काट्याचा नाही, हवेचा.

एकच भोक असेल तर नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून बोटाने हळूच चाचपा. काटा तिथेच राहिला तर पुढच्या किलोमीटरला पुन्हा खाली उतरावं लागेल.

पुलाखाली सावली, ओल आणि शेवाळ असतं. ब्रेक आधीच, कोरड्या जागेवर लावा. ओल्या पट्ट्यावरून हँडल सरळ ठेवून, पॅडल न मारता जा. घंटी वळणाआधीच वाजवा, समोरून येणारा दिसत नाही.

कालव्याचा काठ उघडा असल्याने वारा आडोशाशिवाय अंगावर येतो. जाताना समोरून घ्या, परतताना पाठीशी राहील.

घरी आल्यावर साखळी आधी कोरड्या फडक्याने पुसा, मगच तेल: प्रत्येक रोलरवर (कड्यांमधल्या छोट्या गोल नळीवर) एक थेंब, दहा मिनिटांनी वरचं पुसून टाका. धुळीवर तेल ओतलं की घासकाम करणारी पेस्टच तयार होते.