बॅक रोल मानेवर अडतो तेव्हा

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की उन्हाळी शिबिरांत घाईनं शिकलेली मुलं आमच्या कोथरूडच्या जिम्नॅस्टिक्सच्या वर्गात येतात. त्यांच्या बॅक रोलमध्ये, म्हणजे उलट्या कोलांटीत, बहुधा एकच प्रकार दिसतो. मूल मागे जातं, पाय वर येतात आणि नेमकं डोकं खाली असताना सगळं अडतं. मग मान एका बाजूला वळवून ते खांद्यावरून निसटतं आणि गुडघ्यांवर उतरतं. पालक म्हणतात, "येतो की हिला बॅक रोल!" मी तो आला असं धरत नाही. अडलेल्या त्या क्षणी अंगाचं वजन मानेवर असतं, आणि आठ वर्षांच्या मुलीच्या मानेवर ते एकदाही येऊ द्यायचं नाही.

म्हणून पहिलं काम, पूर्ण बॅक रोल बंद. मूल हिरमुसतं, पण चुकीचा रोल रोज केला की तोच अंगात बसतो. त्याला सरळ सांगायचं, "तुझी मान सांभाळायची आहे, म्हणून आपण तुकड्यातुकड्यानं करू."

बंद करण्याआधी एक रोल बाजूनं मोबाइलवर घेतलेला असेल तर तो स्लो मोशनमध्ये बघा. अडलेलं डोक्याशी दिसतं, कारण मात्र आधीच घडून गेलेलं असतं. मूल टाचांना चिकटून खाली बसलं तर वेग मिळतच नाही. बसताना टाचांपासून जरा लांब, मागे बसायला हवं. काही मुलं घाबरून पाठ ताठ करतात. मग पाठ धपकन आपटते आणि वेग तिथंच संपतो. काहींची हनुवटी छातीपासून सुटते, कारण त्यांना मागे कुठं चाललोय ते बघायचं असतं. आणि हात! निम्म्याहून जास्त मुलांचे हात उशिरा पोचतात.

सुरुवात पाठीवर डोलण्यापासून करा. गुडघे कवटाळायचे, पाठ गोल, मागे खांद्यांपर्यंत जायचं आणि परत पुढे येऊन हात न टेकता उभं राहायचं. हनुवटीखाली मोज्यांची गुंडाळी धरायला द्या. ती पडली की मान सुटली, हे मुलाला स्वतःलाच कळतं. तुम्हाला "मान, मान" ओरडावं लागत नाही. ओरडल्यावर मूल हमखास वर बघतं.

हे जमलं की हात. माझा सगळ्यात जास्त वेळ इथं जातो आणि जायलाच हवा. तळवे कानांशेजारी, छताकडे उघडे, बोटं खांद्यांकडे, अंगठे कानांच्या बाजूला. पंगतीत वाढणाऱ्यानं दोन्ही खांद्यांवर ताटं धरावीत तसे. कोपरं समोर रोखलेली. ती बाहेर फाकली की ढकलायची ताकद निघून जाते आणि भार डोक्यावर येतो. असे हात घेऊन पुन्हा नुसतं डोलायचं. दोन्ही तळवे एकाच वेळी गादीला पूर्ण टेकले पाहिजेत. एक आधी, एक नंतर टेकला, तर रोल वाकडा जाणारच. एका वेळी एकच सूचना द्या. आज कोपरं, तर आज फक्त कोपरं.

पुढचा टप्पा उताराचा. उताराची गादी नसेल तर स्प्रिंगबोर्डवर, म्हणजे उडी घ्यायच्या तिरक्या फळीवर, जाड गादी टाका, तोच उतार होतो. ती सरकत नाही ना, ते आधी दाबून बघा. मूल वरच्या टोकाला, पाठ उताराकडे करून उकिडवं बसेल. उतारामुळं वेग आपोआप मिळतो आणि कंबर डोक्यावरून सहज जाते. तुम्ही बाजूला गुडघ्यावर बसा आणि कंबर डोक्यावर येऊ लागली की दोन्ही हातांनी कंबर धरून वर उचला. मी नव्या साहाय्यकांना हे पुन्हा पुन्हा सांगते: पाय ओढायचे नाहीत, पाठीला धक्का द्यायचा नाही. उचलायची ती कंबर, म्हणजे मान मोकळी राहते. त्याच क्षणी मुलाला एकच शब्द, "ढकल!" पाय जमिनीला लागेपर्यंत वाट बघून ढकललं तर उशीर झालेला असतो.

मल्लखांबाकडून आलेल्या मुलांच्या खांद्यांत ताकद असते, त्यांना ढकलणं लवकर जमतं. चार-पाच वर्षांच्या मुलांचं मात्र वेगळं आहे. या वयात अंगाच्या मानानं डोकं मोठं आणि हात आखूड असतात. वर केलेले हात डोक्याच्या फारसे पुढे जात नाहीत. त्यांच्याकडून अस्वलचाल (हातापायांवर चालणं), डोलणं एवढंच करून घ्या. थांबण्यानं काही बिघडत नाही.

मान दुखली, हातांना मुंग्या आल्या, तर वर्ग तिथंच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असू शकतो, म्हणून डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्याशिवाय त्यांना कोणतीच कोलांटी नको.

जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याच्या हवेत रेक्झिनच्या गाद्या ओलसर राहतात आणि तळवे सरकतात. कोरडं फडकं हाताशी ठेवा, गाद्यांच्या जोडात फट नाही ना ते बघा. घरी पलंगावर सराव नको. मऊ गादीत डोकं रुततं आणि मान अडकते. घरी दुहेरी सतरंजीवर नुसतं डोलणं पुरेसं आहे.

उतारावर मदतीशिवाय, दोन्ही पावलांवर आणि गुडघे न टेकता उतरता आलं की उतार कमी करत सपाटीवर या. सपाटीवर जुना दोष पुन्हा डोकावला तर लगेच उतारावर परत. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात स्पर्धा बघून आलेली मुलं दुसऱ्या दिवशी बॅक हँडस्प्रिंग, म्हणजे मागे झेप घेऊन हातांवरून पुन्हा पायांवर येणं, मागतात. मी त्यांना आधी सरळ हातांचा बॅक रोल देते, मग त्यातून हँडस्टँडपर्यंत, म्हणजे हातांवर उलटं उभं राहण्यापर्यंत, ढकलायला लावते. तोवर भिंतीशी धरलेला हँडस्टँडही खांदे न खचता टिकू लागलेला असावा. ही दोन्ही नीट झाली की हँडस्प्रिंगची तयारी सुरू करते.