तिन्हीसांजेला कोल्हे बघायला दुर्बीण कशी निवडायची (आणि रायफलचा स्कोप का घ्यायचा नाही)

नवी मुंबईत ऐरोली, घणसोली, वाशीपासून खाली खारघरपर्यंत खारफुटीत सोनेरी कोल्हे आहेत हे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय, कोणाला रात्री कोल्हेकुई ऐकू येते, कोणाला पहाटे वॉकला जाताना रस्ता ओलांडताना दिसतो, आणि मग लगेच दुर्बीण घ्यायची टूम निघते. अडचण एवढीच की हा प्राणी बाहेर पडतो नेमका उजेड जाताना. आणि आपल्याकडे संधिप्रकाश फार टिकत नाही, सूर्य बुडाल्यावर बावीस ते पंचवीस मिनिटं, मग काळोखच. ही वीस-पंचवीस मिनिटं ज्या दुर्बिणीतून नीट दिसतील ती चांगली. दुपारी बारा वाजता मरीन ड्राइव्हवरच्या बोटी तर पाचशे रुपयांच्या खेळण्यातूनही दिसतात.

१. आधी स्कोपचा विचार डोक्यातून काढा

ऑनलाइन ‘नाइट व्हिजन दुर्बीण’ असं सर्च केलं की एअर गनवर लावायचे स्कोप समोर येतात, ३-९×४० असं काहीतरी लिहिलेलं, स्वस्तही असतात, आणि लोकांना वाटतं हीच एका डोळ्याची दुर्बीण. तर नाही. स्कोप डोळ्यापासून तीन-चार इंच लांब धरायचा असतो कारण रायफल मागे झटका देते, हातात धरून बघायला गेलात तर चित्र सारखं काळं पडतं. शिवाय त्यातून दिसतं फार कमी, नऊ पटीवर शंभर मीटर लांबचा जेमतेम चारेक मीटरचा तुकडा, तेच साध्या ८×४२ दुर्बिणीतून अकरा ते तेरा मीटर रुंद दिसतं. झुडपातून झुडपात पळणारं जनावर त्या चार मीटरमध्ये शोधत बसलात तर ते घरी जाऊन झोपलेलं असेल.

असे स्कोप बनतात वेगळ्याच कामासाठी. ब्रिटन, ऑस्ट्रेलियात मेंढपाळ कोकरं वाचवायला रात्री खोकडं मारतात, तिथल्या कायद्यात ते बसतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, कोल्हा संरक्षित आहे, त्यामुळे बंदूक हा विषयच नाही, फक्त बघायचं. पण एक आहे, कमी उजेडातल्या काचेचं गणित युरोपातल्या शिकाऱ्यांनी फार बारकाईने केलंय, जर्मनी-ऑस्ट्रियाकडे ८×५६ चा स्कोप अंधारासाठी पिढ्यानपिढ्या वापरतात, ते गणित आपण उचलायचं आणि बाकीचं तिकडेच ठेवायचं.

जाता जाता, मुलाला शूटिंगच्या क्लासला घातलंय म्हणून स्कोप घेऊ का असंही विचारतात. १० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत दुर्बिणीचा स्कोप चालतच नाही, बारीक भोकाची साइट असते, तिच्यातून मोठं करून काहीच दिसत नाही. पॅरिसला २०२४ मध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटरमध्ये ब्राँझ काढलं तेही अशाच साइटवर. कोचला विचारल्याशिवाय एक रुपया खर्च करू नका.

२. भागाकार करा

दुर्बिणीवर दोन आकडे असतात. ८×४२ म्हणजे आठ पट मोठं दिसणार आणि पुढच्या काचेचा व्यास ४२ मिमी. दुकानदार पहिला आकडा विकतो, ‘साहेब ही वीस पट आहे’. तुम्ही दुसऱ्याला पहिल्याने भागा. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच. डोळ्याकडच्या काचेतून बाहेर पडणारा उजेडाचा झोत सव्वापाच मिमी रुंद आहे असा त्याचा अर्थ, याला एक्झिट प्युपिल म्हणतात. १०×४२ चा येतो ४.२, ७×५० चा सातच्या जरा वर, शिकाऱ्यांच्या त्या ८×५६ चा बरोब्बर सात, आणि खिशात मावणाऱ्या १०×२५ चा फक्त अडीच.

आता हे तुमच्या डोळ्यातल्या बाहुलीशी जुळवायचं. भर उन्हात बाहुली दोन-तीन मिमीची असते, म्हणून अडीचवाली छोटी दुर्बीणही दिवसा मस्त दिसते आणि दुकानात माणूस फसतो. अंधारात तरुण माणसाची बाहुली सातपर्यंत उघडते, पन्नाशीच्या आसपास ती साधारण पाचवर येते (प्रत्येकाचं थोडं पुढेमागे). झोत बाहुलीपेक्षा बारीक असला की चित्र अंधारं दिसणार, आणि बाहुलीपेक्षा रुंद असला की जास्तीचा उजेड डोळ्यात शिरतच नाही, तो वाया.

म्हणजे कॉलेजातल्या पोराला ७×५० चा फायदा आहे, पण रिटायर झालेल्या काकांनी ती किलोभराची दुर्बीण गळ्यात अडकवून मानेला त्रास करून घेण्यात अर्थ नाही, त्यांना ८×४२ जेवढं देते तेवढंच मिळणार आहे. माझं विचाराल तर शंभरातल्या नव्वद लोकांनी डोळे मिटून ८×४२ घ्यावी. १०×४२ घ्यायची तर दहा पटीला हात जास्त हलतो हे लक्षात ठेवा, रेलिंगला टेकून किंवा ट्रायपॉडवर लावून बघणार असाल तरच घ्या. आणि झूमवाली, १०-३०×५० वगैरे, अजिबात नको, तीस पटीवर तिचा झोत दीड-पावणेदोन मिमी होतो, संध्याकाळी निव्वळ काळं दिसतं.

३. ट्वायलाइट फॅक्टरवर भुलू नका

जाहिरातीत हा एक आकडा असतो, दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढायचं. ८×४२ चा १८.३ येतो, १०×४२ चा २०.५, त्यामुळे दहापटवाली भारी वाटते. पण १०×२५ आणि ५×५० या दोन्हींचा गुणाकार अडीचशेच, म्हणजे फॅक्टर सारखाच १५.८, आणि झोत मात्र एकीचा अडीच मिमी आणि दुसरीचा दहा! यात काचेचा दर्जाही कुठे धरलेला नाही. दोन जवळपास सारख्या दुर्बिणी तोलायच्या असतील तेव्हा बघा, एरवी सोडून द्या.

४. काच, कोटिंग, प्रिझम

खरा पैसा इथे जातो. कोटिंग (उजेड परत फिरू नये म्हणून काचेवर दिलेला पातळ थर) नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण चार टक्के उजेड परत फिरतो. आत असे दहा पृष्ठभाग धरले तरी एक तृतीयांश उजेड वाटेतच गेला. यावर कोटिंगचा उपाय जर्मनीच्या झाइस कंपनीतल्या स्माकुलाने १९३५ मध्ये शोधला आणि आज चांगल्या दुर्बिणीत हे नुकसान अगदी थोडं असतं. डब्यावर नुसतं ‘कोटेड’ असेल तर काही खरं नाही, ‘मल्टी-कोटेड’ म्हणजे काही काचांवर, आपल्याला हवं ‘फुली मल्टी-कोटेड’. आणि पुढून लालभडक चमकणाऱ्या काचा दिसल्या की दुकानातून निघा, त्या लाल उजेड परत फेकतात, दिसायला जेम्स बाँड वाटतात एवढंच.

प्रिझम (उलटं चित्र सरळ करणारा आतला काचेचा ठोकळा) बाक-४ काचेचं असावं, बीके-७ स्वस्त असतं. आकार दोन, जुन्या धाटणीची रुंद खांद्यांची ती पोरो आणि सरळ नळ्यांची ती रूफ. रूफ सुटसुटीत असते, पावसापाण्यात टिकते, पण तिच्या प्रिझमला आरशाचं कोटिंग आणि फेज कोटिंग (चित्र खणखणीत ठेवणारा थर) दोन्ही लागतं, ते स्वस्तात नीट होत नाही. म्हणून बजेट कमी असेल तर त्याच पैशात पोरो जास्त उजळ आणि खणखणीत दिसते. लोक तिला ‘आजोबांची दुर्बीण’ म्हणून नाकं मुरडतात, मुरडू देत.

५. दुकानात काय बघायचं

शक्यतो ऑनलाइन नको, फोर्टच्या कॅमेरा मार्केटला जा, दोन-तीन दुर्बिणी समोर ठेवायला सांगा. हात लांब करून दुर्बीण उजेडाच्या भिंतीकडे धरा (सूर्याकडे चुकूनही नको, डोळा जाईल) आणि डोळ्याकडच्या काचेत दिसणारा उजेडाचा ठिपका बघा. तो स्वच्छ गोल हवा. कडा राखाडी, चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या तर प्रिझम हलकं. जमलं तर पट्टीने मोजा, ८×४२ लिहिलंय आणि ठिपका चारचाच भरला तर आत कुठेतरी काच झाकलेली आहे, ४२ फक्त डब्यावर.

मग समोरच्या बिल्डिंगच्या कठड्याची आडवी रेघ बघा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून लांब न्या, दोन रेघा वरखाली झाल्या तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत, अशी दुर्बीण दहा मिनिटांत डोकं चढवते. चष्मा असेल तर आय रिलीफ (डोळा काचेपासून जेवढा लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर) १५ मिमीच्या वर हवा, चष्मा घालूनच बघा. आणि हे सगळं ट्यूबलाइटखाली करून परत येऊ नका, दुकानात जायचंच संध्याकाळी, दिवेलागणीला बाहेर फुटपाथवर येऊन समोरच्या अंधाऱ्या गल्लीतली पाटी वाचायची, जीतून अक्षरं लागतील ती पॅक करा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे.

६. डायॉप्टर

घरी आल्यावर उजवी बाजू हाताने झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचा फोकस लावा, मग डावी झाकून उजवीकडच्या रिंगने (तीच डायॉप्टर) उजव्याचा. हे न करता ‘दुर्बीण धूसर आहे’ म्हणून परत करणारे लोक आहेत!

७. प्रत्यक्ष बघायला जाताना

भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघून निघा. ओहोटीला चिखल उघडा पडतो, कोल्हे खेकडे-मासे शोधायला कडेला येतात, फ्लेमिंगोही तेव्हा खाडीतच चरत असतात (भरतीला ते करावेकडच्या टीएस चाणक्य या मर्चंट नेव्हीच्या कॉलेजजवळच्या पाणथळीवर वगैरे येतात). ओहोटी आणि सूर्यास्त जुळून आलेली संध्याकाळ मिळाली तर सोडू नका. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या स्क्रीनकडे एकदा बघितलं की ती मेहनत पाण्यात, त्यामुळे व्हॉट्सॲप घरी गेल्यावर.

टॉर्च मारू नका, डोळे चमकताना दिसतात खरं, पण जनावर बुजतं. जवळ जायचं नाही, खायला टाकायचं नाही, आणि एखादा कोल्हा माणसाला न घाबरता अंगावर आल्यासारखा वागत असेल तर लांब व्हा आणि वनखात्याला कळवा, रेबीज असू शकतो. दुर्बीण खारफुटीकडे ठेवा, पाम बीच रोडच्या टॉवरकडे वळली तर वॉचमन येऊन ‘काय बघताय साहेब’ विचारणारच, आणि वाशीच्या समोर पलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, तिकडे दुर्बीण लावून उभं राहायचं कारण नाही. ओडोमॉस विसरू नका.

८. पावसाळा

आपल्या हवेत दुर्बीण पडून खराब होत नाही, फंगसने होते. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी एकदा धरली की कोटिंग खाते आणि साफ करायचा खर्च बऱ्याचदा दुर्बिणीच्या किमतीजवळ जातो. म्हणून घेतानाच नायट्रोजन भरलेली वॉटरप्रूफ घ्या, निदान आतून तरी सुरक्षित. पोरो घेतलीत तर ती बहुतेक वॉटरप्रूफ नसते, मग जास्त जपा. सोबत येणाऱ्या कापडी-चामडी पाउचमध्ये जून ते सप्टेंबर अजिबात ठेवू नका, किचनमधला रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या मूठभर पुड्या टाका आणि दाण्यांचा रंग बदलला की बदला. एसी खोलीतून एकदम बाहेर नेली की काचेवर वाफ धरते, ती पुसत बसू नका, दहा मिनिटं तशीच ठेवा. पुसायची वेळ आलीच तर आधी फुंकणीने धूळ उडवायची, मग मायक्रोफायबर, शर्टाचं टोक नाही.