वाचनालय मोबाईलवर आणायचंय? ॲप राहू द्या, आधी यादी सुधारा

वार्षिक सभेत एक तरी सभासद उठतो आणि म्हणतो, ‘आता आपल्या वाचनालयाचं ॲप काढा!’ टाळ्या पडतात, देणगीदारही सापडतो. आम्हीही काढलं होतं. पंधरा-वीस जणांनी ते घेतलं, त्यातले निम्मे कार्यकारिणीतले. वाचकाला मोबाईलवर एवढंच कळायला हवं असतं की अमुक पुस्तक आपल्याकडे आहे का आणि आत्ता कपाटात आहे का. तालुक्याच्या वाचनालयाला त्यासाठी एक फोन, व्हॉट्सॲप बिझनेस आणि गूगल शीट पुरतं. तुमच्याकडे कोहा किंवा ई-ग्रंथालय ही ग्रंथालयाची संगणक प्रणाली आधीच चालू असेल तर त्याचीच ऑनलाईन सूची उघडी करा.

सिमकार्ड वाचनालयाच्या नावावर घ्या. ग्रंथपालाचा खासगी नंबर देऊ नका, नाहीतर रात्री साडेदहाला ‘नवीन काय आलंय?’ असं विचारलं जातं.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये वेळ, साप्ताहिक सुट्टी, पत्ता आणि बंद वेळेचा आपोआप जाणारा निरोप भरायला दहा मिनिटं लागतात.

आता यादी. इथे माझे तीन महिने गेले.

आमच्याकडे पुस्तकांची एक्सेल फाईल होती, नीट भरलेली. मोठ्या उत्साहाने मोबाईलवर उघडली, तर सगळी इंग्रजी अक्षरांची भाजी. ‘पुस्तक’ या शब्दाच्या जागी आय, क्यू, एल, आर, डी. फाईल कृतीदेव फॉन्टमध्ये होती. असे जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांवर मराठीचा मुखवटा चढवतात. संगणकावर तो फॉन्ट असतो म्हणून दिसतं, वाचकाच्या फोनवर नसतो. ‘पीडीएफ करून पाठवा’ असा सल्ला हमखास मिळेल. ऐकू नका. पीडीएफमध्ये अक्षरं दिसतील, पण शोध लागणार नाही, आणि शोध लागत नसेल तर ती यादी भिंतीवर चिकटवलेली बरी.

फाईल युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही फोनवर मराठी म्हणूनच दिसणाऱ्या अक्षरांत, आणावी लागते. फॉन्ट बदलून देणारी साधनं फुकट मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचीही जागा बदलते. म्हणून रूपांतर झालं की आधी पहिली वेलांटी आणि रफार असलेली नावं तपासा. चुका तिथेच दडून बसतात.

त्यानंतर दिसायला सारखी, पण आतून वेगळी अक्षरं छळतात. ‘ॲ’ एकसंध लिहिता येतो, तसा ‘अ’वर चंद्र ठेवूनही. डोळ्याला फरक दिसत नाही, शोधाला मात्र दिसतो. ‘कादंबऱ्या’तल्या ‘ऱ्या’चं तेच. पुस्तकाचा दाखल क्रमांक (रजिस्टरमधला नोंदणीचा आकडा) काही ठिकाणी मराठी आकड्यांत, काही ठिकाणी इंग्रजी; तिथेही शोध फसतो. कोणती तरी एकच पद्धत ठरवा आणि ‘शोधा व बदला’ वापरून सगळीकडे लावा.

एवढं करूनही वाचक येऊन सांगायचे, ‘सापडत नाही हो.’ एका काकूंच्या फोनमध्ये डोकावलो तेव्हा कळलं. त्या मराठी नाव इंग्रजी अक्षरांत टाईप करत होत्या! तेव्हापासून आमच्या शीटमध्ये ‘शोधशब्द’ नावाचा जास्तीचा रकाना आहे. त्यात पुस्तकाचं नाव इंग्रजी अक्षरांत, लेखकाचं आडनाव आणि लोकांच्या तोंडी असलेलं त्याचं नाव. या एका रकान्याने जे साधलं ते ॲपने साधलं नव्हतं.

अठरा हजार पुस्तकं एकदम चढवायला जाऊ नका. गेल्या पाच वर्षांतली खरेदी आणि यंदाचे दिवाळी अंक एवढ्यावर सुरुवात करा. मागणी तिथेच असते.

शीटची लिंक देताना परवानगी ‘फक्त पाहण्याची’ द्या. मी एकदा चुकून बदल करण्याची दिली आणि कुणीतरी फक्त लेखकांचा रकाना अकारविल्हे लावून ठेवला. शीटचा आवृत्ती इतिहास होता म्हणून निभावलं. सभासदांची नावं आणि नंबर या फाईलमध्ये नकोतच. त्यांची फाईल वेगळी ठेवा, ती कुणालाही देऊ नका.

ग्रुप करू नका. सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि आठवड्याभरात शुभ सकाळ सुरू होतं. ब्रॉडकास्ट यादी करा, म्हणजे एकच निरोप प्रत्येकाला स्वतंत्र जातो. एका यादीत २५६ नंबर बसतात. मात्र ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच ब्रॉडकास्ट पोचतो. आमचे पहिले दोन महिने निरोप हवेतच जात होते. आता देवघेवीच्या टेबलावर क्यूआर कोड चिकटवलाय आणि पुस्तक देतानाच सभासदाला तिथल्या तिथे नंबर सेव्ह करायला लावतो. आठवड्याला एकच निरोप, नव्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांचा फोटो. जास्त पाठवलंत तर लोक ब्लॉक करतात.

मुदत संपल्याची आठवण मात्र ज्याची त्याला, स्वतंत्र. मजकूर ‘क्विक रिप्लाय’मध्ये साठवून ठेवा. ठोक एसएमएसच्या फंदात पडू नका. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांमुळे नोंदणी करा, प्रत्येक मजकूर मंजूर करून घ्या, असा तो व्याप आहे.

‘त्या पुस्तकाची पीडीएफ टाका ना’ अशी मागणी येणारच. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइटचा हक्क राहतो, त्यामुळे सरळ नाही म्हणा. त्याऐवजी मराठी विश्वकोशाची आणि आयआयटी खरगपूरने उभारलेल्या नॅशनल डिजिटल लायब्ररीची लिंक द्या.

आणि शीटमधला ‘आत / बाहेर’ हा रकाना रोज भरा. आमच्याकडे कुलूप लावायच्या आधी देवघेव रजिस्टर उघडून दिवसभराच्या नोंदी त्यात चढतात. दिवाळी अंकांच्या दिवसांत तर दुपारीही एकदा. एका गुरुजींनी यादीत ‘आत’ वाचलं, एसटीने बारा किलोमीटर आले, आणि अंक आदल्या दिवशीच गेलेला होता. ते काही बोलले नाहीत. वर्तमानपत्र चाळत परतीच्या गाडीची वाट बघत बसले.