घरावर पैसे उभे करायचे तर: टॉप-अप, तारण कर्ज की ओव्हरड्राफ्ट?

फ्लॅटची किंमत 80 लाख, गृहकर्ज 25 लाख बाकी, म्हणजे 55 लाखांपर्यंत कर्ज मिळेल, असा हिशेब घरोघरी होतो. बँक तो मान्य करत नाही. तिचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस, करारनाम्यातला एरिया धरतो. विनापरवाना वाढवलेली खोली मोजत नाही. समजा त्याने 72 लाख धरले आणि बँक तारण कर्जाला, म्हणजे घर गहाण ठेवून मिळणाऱ्या कर्जाला, किमतीच्या 60 टक्के देते. झाले 43 लाख 20 हजार. त्यातून जुने 25 लाख वजा केले की उरतात 18 लाख 20 हजार. वर पगाराची अट. हातात 90 हजार येतात आणि बँक सगळ्या हप्त्यांना मिळून त्यातले निम्मे धरते, तर 45 हजारांतून चालू हप्ता 27 हजार गेल्यावर 18 हजार राहतात. 9 टक्क्यांनी 15 वर्षांना लाखामागे सुमारे 1,014 रुपये हप्ता पडतो, म्हणजे पावणेअठरा लाखच बसतात. दोन्हींतला लहान आकडा तुमचा. तो कागदावर मांडल्याशिवाय कुठल्याही बँकेत अर्ज करू नका. नाकारलेल्या अर्जांची चौकशी सिबिल अहवालात, म्हणजे तुमच्या कर्जांच्या नोंदवहीत, दिसत राहते.

मग ठरवा, पैसे एकदम लागणार की तुकड्यातुकड्यांनी.

एकदम लागणार असतील आणि गृहकर्ज चालू असेल, तर आधी त्याच बँकेत टॉप-अप, म्हणजे चालू गृहकर्जावर वाढीव कर्ज, विचारा. कागद तिच्याकडेच असतात, दरही गृहकर्जाच्या आसपास असतो. खरा धोका मुदतीत आहे. 10 लाख 9 टक्क्यांनी 15 वर्षांना घेतले तर हप्ता सुमारे 10,143 आणि एकूण व्याज सव्वाआठ लाख. तेच 10 लाख साडेदहा टक्क्यांच्या महाग दराने, पण 5 वर्षांत फेडले तर हप्ता 21,494 आणि व्याज 2 लाख 90 हजार. दरातल्या अर्ध्या टक्क्यासाठी घासाघीस करणारे मुदतीकडे बघतच नाहीत, आणि पैसा तिथेच जातो. टॉप-अपचे खाते गृहकर्जापासून वेगळे ठेवायला सांगा, म्हणजे ते आधी फेडता येते.

मुलांची फी, धंद्यातले खेळते भांडवल, टप्प्याटप्प्याने चालणारे बांधकाम यांना घरावरचा ओव्हरड्राफ्ट बरा: बँक एक मर्यादा ठरवते, त्यातून लागेल तेवढेच काढायचे आणि तेवढ्यावरच व्याज. 10 लाखांच्या मर्यादेतून 3 लाख चार महिने वापरले तर साडेदहा टक्क्यांनी साधारण 10,500 रुपये व्याज. उरलेल्या 7 लाखांना काही नाही. मात्र विचारून घ्या: मर्यादा दरमहा कमी होत जाते का? 12 लाखांची मर्यादा 10 वर्षांत शून्यावर आणायची असेल तर ती महिन्याला 10 हजारांनी उतरते. न वापरलेल्या रकमेवर आकार आणि वार्षिक नूतनीकरणाचे शुल्कही लेखी घ्या. ज्याच्या हातात पैसा टिकत नाही, त्याने या वाटेला जाऊ नये.

घर कर्जमुक्त असेल तर सरळ तारण कर्ज. दर गृहकर्जापेक्षा सहसा जास्त असतो. दुसऱ्या बँकेत कर्ज हलवून वर टॉप-अप घेणार असाल तर खर्च आधी मांडा: प्रक्रिया शुल्क, कायदेशीर तपासणी आणि महाराष्ट्रात गहाणखताची स्टॅम्प ड्युटी. ती 0.3 टक्क्यांनी 40 लाखांवर 12 हजार होते. गहाणाची नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे घर गहाण असल्याची नोंदणी कार्यालयाला द्यायची सूचना, 30 दिवसांत दाखल करावी लागते, तिची फी वेगळी.

वय 60 च्या पुढे, नियमित उत्पन्न नाही पण घर स्वतःचे, त्यांच्यासाठी रिव्हर्स मॉर्टगेज आहे. हप्ता भरायचा नसतो, बँकच ठरावीक रक्कम देते. पश्चात वारसांना कर्ज फेडून घर ठेवण्याची पहिली संधी मिळते. मुलांना आधी सांगा.

कागद बहुधा दोन जागी अडतात. वडिलांच्या नावावरचे घर सोसायटीत नॉमिनेशनने मुलाच्या नावे झाले, म्हणून तो एकटा मालक होत नाही. बाकीच्या वारसांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते किंवा सगळ्यांच्या सह्या. नवी मुंबईत सिडकोच्या लीजवरील घराला सिडकोचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला) नसेल तर अनेक बँका फाईलच घेत नाहीत.

व्यक्तीने धंद्याव्यतिरिक्त कारणासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. धंद्यासाठी व्यक्तीने घेतलेल्या अशा कर्जालाही, 1 जानेवारी 2026 पासून मंजूर झाले असेल तर, व्यापारी बँका तो लावू शकत नाहीत. हप्ता 90 दिवसांपेक्षा जास्त थकला की खाते एनपीए (बुडीत जाण्याच्या वाटेवरचे) होते आणि सरफेसी कायद्याची, म्हणजे बँकेला गहाण घर जप्त करू देणाऱ्या कायद्याची, 60 दिवसांची नोटीस येऊ शकते. त्यामुळे लग्न, गाडी, शेअर बाजार यांसाठी घर गहाण टाकू नका, असे आम्ही स्पष्ट सांगतो. हप्ते अडखळायची चिन्हे दिसली तर नोटिशीची वाट न बघता शाखेत जाऊन मुदत वाढवून मागा.

पूर्ण फेड झाल्यावर मूळ कागद 30 दिवसांत परत मिळायला हवेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई मिळते. त्याच वेळी सोसायटीच्या दप्तरातला बोजा काढून घ्या आणि तशी लेखी पोच मागा.