एक क्रियापद, दहा अर्थ: इंग्रजी शब्दांचा धागा कसा पकडावा

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाला 'पोस्टपोन' हा शब्द एकदा सांगितला की बहुधा लक्षात राहतो, पण त्याच अर्थाचा 'पुट ऑफ' मात्र तीनदा पाठ करूनही निसटतो. 'पुट' म्हणजे ठेवणे हे ठाऊक असते, 'ऑफ' म्हणजे बंद हेही ठाऊक असते, आणि या दोन्हींतून 'पुढे ढकलणे' हा अर्थ कसा निघाला ते कोणी सांगितलेले नसते. मग विद्यार्थी वहीत 'टेक' असा मथळा घालतो आणि त्याखाली टेक ऑफ, टेक अप, टेक इन, टेक ओव्हर, टेक आफ्टर अशी रांग लावून समोर मराठी अर्थ लिहितो. अशी वही मी अनेकांकडे पाहिली आहे, आणि फ्रेझल व्हर्बची, म्हणजे 'ऑफ', 'अप' असे अव्यय जोडून होणाऱ्या क्रियापदांची, धास्ती बसायला ही रांगच सर्वाधिक कारणीभूत ठरते असे माझे मत आहे. एकसारख्या दिसणाऱ्या आणि परस्परांशी संबंध नसलेल्या गोष्टी शेजारी ठेवून पाठ केल्या तर स्मरणात त्यांची सरमिसळ होणारच.

सुरुवात आपल्याच भाषेपासून करावी. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, आग लागते, एखाद्याला बस लागते आणि मूल रडू लागते. या सहा ठिकाणी 'लागणे' सहा वेगळी कामे करते, तरी कोणत्याही मराठी मुलाने त्याची यादी पाठ केलेली नसते. शब्द मागे घेणे, काम हाती घेणे, बैठक पुढे ढकलणे ही तर जवळजवळ इंग्रजी धर्तीचीच रचना आहे. 'टेक बॅक' आणि 'मागे घेणे' यांत शब्दांचा क्रम सोडला तर फरक राहत नाही. संस्कृतात हेच काम उपसर्ग करतात. एकाच 'हृ' धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार हे शब्द होतात, आणि उपसर्ग धातूचा अर्थ बळाने दुसरीकडे नेतो असे सांगणारा जुना श्लोक नेमकी हीच उदाहरणे देतो. संस्कृत उपसर्ग धातूच्या आधी येतो आणि इंग्रजी अव्यय क्रियापदाच्या नंतर, एवढाच भेद ध्यानात घ्यावा. सॅम्युएल जॉन्सन यांनीही १७५५ साली आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत, क्रियापदामागे लागणाऱ्या या छोट्या शब्दांमुळे परकीयांना सर्वांत मोठी अडचण येते, असे नमूद केले होते. म्हणजे अडचण खरी आहे. ती विद्यार्थ्याच्या बुद्धीची उणीव नव्हे.

यावरून पहिली कृती ठरते. वहीतील मथळा क्रियापदाचा न ठेवता अव्ययाचा ठेवावा, कारण बहुतेक वेळा अर्थाला वळण देण्याचे काम तेच करते. 'अप' घेऊ. शर्ट खिळ्याला अडकून फाटला तर तेथे नुसते 'टेअर' पुरते, पण पत्राचे फाडून तुकडे तुकडे केले तर 'टेअर अप' म्हणावे लागते. 'ईट' म्हणजे खाणे आणि 'ईट अप' म्हणजे पानातले सगळे संपवणे. आई मुलाला 'खाऊन टाक' म्हणते तेव्हा 'टाक' जे काम करतो, तेच येथे 'अप' करतो. 'यूज अप' म्हणजे वापरून संपवणे, 'क्लीन अप' म्हणजे साफ करून टाकणे. क्रिया शेवटापर्यंत नेणे हा धागा एकदा हाती लागला की पुढचे पाचसहा शब्द वाक्यातूनच कळतात. 'अप'चा दुसरा धागा अर्थातच वर जाण्याचा आहे आणि त्याचे वेगळे पान करावे. 'ऑन'मध्ये चालू राहण्याचा भाव असतो: कॅरी ऑन, गो ऑन, कीप ऑन. 'आउट' म्हणजे बाहेर, आणि बाहेर जाणारी वस्तू कधी नाहीशी होते तर कधी उघड्यावर येते, म्हणून दिवा विझतो तेव्हा 'गोज आउट' आणि माहिती कळते तेव्हा 'फाइंड आउट'. मराठीत भानगड बाहेर येते, तीही याच वाटेने.

'गो ऑफ' मात्र सावकाश पाहण्यासारखा आहे, कारण त्यात शिकणारा हमखास अडखळतो. दिवे 'गो ऑफ' झाले म्हणजे ते बंद पडले, पण घड्याळाचा गजर 'गो ऑफ' झाला म्हणजे तो वाजू लागला. बॉम्ब फुटतो तेव्हाही हाच शब्द येतो आणि दूध नासते तेव्हा इंग्लंडमध्ये 'द मिल्क हॅज गॉन ऑफ' असेच म्हणतात. 'ऑफ' म्हणजे 'बंद' एवढेच धरून बसल्यास यांतील तीन वाक्यांचा उलगडा होत नाही. 'ऑफ'चा मूळ भाव आहे असलेल्या जागेपासून सुटणे, वेगळे होणे. ताणून ठेवलेला गजर सुटतो, बॉम्बची कळ सुटते, दूध आपल्या चांगल्या स्थितीपासून ढळते, आणि दिवा विजेपासून तुटतो. 'कट ऑफ', 'टेक ऑफ', 'पुट ऑफ' हे सारे याच भावाने वाचावेत. 'पुट ऑफ' म्हणजे ठरलेल्या दिवसापासून दूर नेऊन ठेवणे. प्रत्येक शब्दाचा इतका समाधानकारक उलगडा होतोच असे नाही. 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे हे कितीही ताणले तरी 'पूर्ण करणे' या धाग्यात नीट बसत नाही. असे शब्द सरळ पाठ करावेत.

अनेक अर्थांच्या साध्या शब्दांनाही हीच रीत लागू पडते, आणि त्यासाठी 'चार्ज'इतके चांगले उदाहरण मला माहीत नाही, कारण त्याचे बहुतेक अर्थ मराठी माणूस रोज वापरतो. मोबाइल चार्ज करतो, दुरुस्तीचा चार्ज देतो, नवा अधिकारी चार्ज घेतो आणि पोलीस चार्जशीट दाखल करतात. या शब्दाचे मूळ उत्तरकालीन लॅटिनमधील गाडीवर माल लादणे या अर्थाच्या क्रियापदात आहे. बॅटरीवर विजेचा, गिऱ्हाइकावर पैशांचा, अधिकाऱ्यावर कामाचा आणि आरोपीवर दोषाचा असा भारच प्रत्येक ठिकाणी लादलेला दिसतो. मराठीनेही हाच धागा पकडला आहे: विद्युतभार, अधिभार, पदभार. अनेकार्थी शब्द भेटला की अर्थांची संख्या मोजत बसू नये. आधी सर्वांत ठोस, हाताने करण्याजोगा अर्थ शोधावा आणि बाकीचे त्यातून कसे फुटले ते पाहावे.

येथे एक सावधगिरी हवी. मराठीत माणसाचे 'नाव' नाम या शब्दापासून आले आणि पाण्यावरची 'नाव' नौ या शब्दापासून; दोघांत नाते नाही. इंग्रजीत क्रिकेटची 'बॅट' आणि वटवाघूळ या अर्थाची 'बॅट' असेच योगायोगाने सारखे झालेले शब्द आहेत. कोशात असे शब्द साधारणपणे वेगळ्या क्रमांकाने, स्वतंत्र नोंदी म्हणून दिलेले असतात, तर एकाच शब्दाचे अर्थ एकाच नोंदीखाली येतात. तेव्हा धागा शोधण्यापूर्वी नोंद एक आहे की दोन ते पाहून घ्यावे.

कोश शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला घ्यावा. त्यात प्रचलित अर्थ बहुधा आधी येतात आणि फ्रेझल व्हर्ब मूळ क्रियापदाच्या नोंदीच्या शेवटी वेगळे दिलेले असतात. तेथेच कर्माची जागाही दाखवलेली असते, आणि ती टिपून घेणे फार आवश्यक आहे. 'टर्न ऑफ द फॅन' आणि 'टर्न द फॅन ऑफ' ही दोन्ही वाक्ये चालतात, पण पंख्याऐवजी सर्वनाम आले की 'टर्न इट ऑफ' एवढेच बरोबर. 'टर्न ऑफ इट' चूक. याउलट 'लुक आफ्टर' कधीच फुटत नाही, म्हणून 'लुक आफ्टर हर' असेच म्हणावे लागते. बोलतानाचा आघातही ऐकावा. विमान 'टेक ऑफ' करते तेव्हा जोर 'ऑफ'वर असतो, पण 'टेकऑफ' हे नाम झाले की तो 'टेक'वर सरकतो.

वहीत अर्थ एकटा लिहू नये, संपूर्ण वाक्य लिहावे, आणि ते स्वतःच्या घरातले असावे. सकाळच्या स्वयंपाकघरातच पुरेसा मजकूर सापडतो: साखर संपली आहे, दूध उतू गेले, गॅस बंद कर. 'वुई हॅव रन आउट ऑफ शुगर' असे लिहिताना लक्षात येते की मराठीत साखर संपते, म्हणजे कर्ता साखर असतो, तर या इंग्रजी वाक्यात कर्ता घरातली माणसे आहेत. शब्दासमोर नुसते 'संपणे' लिहिले असते तर हा फरक कधीच दिसला नसता. दिवसाला अशी दोन किंवा तीन वाक्ये पुरेत. दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने मराठी वाक्य पाहून इंग्रजी तोंडाने म्हणावे. नुसते डोळ्यांखालून घालू नये.

कोणता शब्द कोठे शोभतो हेही वाक्यासोबत टिपावे. आपण अर्जात 'स्थगित करणे' लिहितो आणि घरी 'पुढे ढकलणे' म्हणतो. 'पोस्टपोन' आणि 'पुट ऑफ' यांचे नाते साधारण तसेच आहे. 'इन्व्हेस्टिगेट' आणि 'लुक इन्टू', 'टॉलरेट' आणि 'पुट अप विथ' या जोड्याही शेजारी लिहून ठेवाव्यात. औपचारिक पत्रात लॅटिन-फ्रेंच वळणाचा शब्द निर्धोक असतो, पण गप्पांमध्ये तोच सतत वापरला तर बोलणे पुस्तकी वाटते.

शेवटी आपल्याकडे रुळलेले काही प्रयोग तपासून घ्यावे लागतात. सरकारी कार्यालयात फाइल 'पुटअप' करतात म्हणजे वरिष्ठांपुढे ठेवतात, पण बाहेरच्या इंग्रजीत 'पुट अप' म्हटले की भिंतीवर काही लावणे किंवा पाहुण्याला मुक्कामाला ठेवून घेणे हे अर्थ आधी सुचतात. 'कोप अप विथ' येथे 'अप' नको, 'कोप विथ' म्हणावे. 'मी २०१५ साली पास आउट झालो' हे वाक्य पुण्यात सर्वांना कळते आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील पासिंग आउट परेडमुळे ते चुकीचे वाटतही नाही, परंतु लंडनमध्ये किंवा न्यूयॉर्कमध्ये मुलाखतीत ते जसेच्या तसे म्हटले तर ऐकणाऱ्याला २०१५ साली तुम्ही बेशुद्ध पडला होता असे वाटेल. तेथे 'ग्रॅज्युएटेड' म्हणावे, आणि वहीत 'पास आउट'च्या वाक्यापुढे आपल्याकडचा आणि तिकडचा असे दोन्ही अर्थ लिहून ठेवावेत.